दाढा काढून झाल्या, डोस वाढवून झाला. आता पुढचं कोण सांगणार?

ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी नस बिघडते. मग दात घासताना, घास चावताना, नुसती वाऱ्याची झुळूक गालाला लागली तरी विजेचा झटका बसावा तशी कळ जाते. काही सेकंदच टिकते, पण दिवसातून कितीतरी वेळा येते. २०११ मध्ये सलमान खानने याच दुखण्यासाठी अमेरिकेत शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा हे नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं. सोबत काय पोचलं, तर ‘माणसाला आत्महत्येपर्यंत नेणारा आजार’ ही बातमी. या आजारावर गोळीच्या पुढेही उपचार आहेत, हे मात्र पोचलं नाही. माझा राग त्यावर आहे.

आपल्याकडे या रुग्णाचा प्रवास ठरलेला. आधी दातांचा दवाखाना. माझ्या मावशीच्या तीन दाढा अशाच गेल्या. तिसरी काढूनही कळ जागच्या जागी, तेव्हा कुठे "हे दाताचं नसावं" असं ऐकायला मिळालं. मग कार्बामाझेपिन. हे औषध १९६० च्या दशकापासून या दुखण्यावर वापरलं जातं, सुरुवातीला बहुतेकांना छान आराम पडतो, आणि आजही पहिला उपाय तोच. त्याबद्दल माझं काही भांडण नाही. भांडण आहे ते पुढच्या टप्प्याबद्दल.

काही वर्षांनी अनेकांना ती गोळी पुरेनाशी होते. मग २०० चे ४००, ४०० चे ८००. माणूस दिवसभर गुंगीत, चालताना झोकांड्या, शब्द आठवत नाहीत. रक्तातलं सोडियम उतरतं, वयस्कर माणसं पडतात. आणि तक्रार केली की उत्तर तयार: "वयाचं आहे, सहन करा." याला मी उपचार म्हणत नाही. ही टोलवाटोलवी आहे.

गोळी चालेनाशी झाली की काय असतं, ते सांगतो. आधी औषध बदलून किंवा जोडून बघतात: ऑक्सकार्बाझेपिन, बॅक्लोफेन, लॅमोट्रिजिन. नीट एमआरआय करून नसेवर रक्तवाहिनी टेकली आहे का, गाठ आहे का, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे का, हे पाहतात. तरीही भागलं नाही तर तीन वाटा आहेत.

पहिली, मायक्रोव्हॅस्क्युलर डिकम्प्रेशन. कानामागे कवटीला लहानसं छिद्र पाडून नसेवर दाबणारी रक्तवाहिनी बाजूला सारतात आणि मध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवतात. अमेरिकेतले पीटर जॅनेटा यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. १० वर्षांनंतरही सुमारे ७० टक्के रुग्ण गोळीशिवाय वेदनामुक्त राहिल्याचं त्यांच्याच गटाने १९९६ मध्ये मांडलं.

दुसरी, गालातून सुई घालून नसेच्या गाठीवर केलेले उपाय: रेडिओफ्रिक्वेन्सीची उष्णता, ग्लिसरॉल किंवा फुगा. आराम लवकर पडतो. पण गाल बधिर होऊ शकतो, आणि काही वर्षांनी दुखणं परत येऊ शकतं. आलं तर पुन्हा करता येतं. मोठं ऑपरेशन न झेपणाऱ्यांना ही वाट सोयीची.

तिसरी, गामा नाईफ. चिरफाड नाही, नेमके किरण. गुण यायला काही आठवडे ते महिने लागतात. बधिरपणा इथेही येऊ शकतो.

"डोक्याचं ऑपरेशन, काही झालं तर?" हा प्रश्न रास्त आहे. त्या बाजूचं ऐकू येणं कमी होऊ शकतं, जंतुसंसर्ग होऊ शकतो, क्वचित जीवही जातो. आणि झटक्यांऐवजी सतत बोथट ठणका असेल तर शस्त्रक्रियेचा भरवसा कमी. हे सगळं रुग्णाला सांगायलाच हवं. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे, तेही सांगा की! जेवायची भीती, बोलायची भीती, गुंगीत गेलेली वर्षं. धोका पत्करायचा की नाही, हे रुग्ण ठरवेल. त्याच्या वतीने गप्प बसायचा अधिकार डॉक्टरांना कुणी दिला?

दुसरा आक्षेप पैशांचा. मुंबईत केईएम, सायन, जेजे इथे न्यूरोसर्जरी विभाग आहेत, नागपूरला सुपर स्पेशालिटी आहे. म्हणजे अमेरिका गाठायची गरज नाही. पण गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या बाईला त्या दारापर्यंत पोचवायची चिठ्ठी लिहितं कोण? आणि खासगीत गेलं तर ज्याच्याकडे जे यंत्र, त्याच्याकडे तोच उपाय! तिन्ही वाटा समोर मांडून "तुमच्यासाठी ही का" असं सांगणारा भेटणं नशिबावर.

म्हणून आरोग्य खात्याकडे साधी मागणी आहे. दोन औषधं योग्य डोसमध्ये देऊनही वेदना थांबत नसतील, किंवा दुष्परिणाम झेपत नसतील, तर रुग्णाला न्यूरोसर्जनकडे पाठवणं जिल्हा रुग्णालयाला बंधनकारक करा. उपचारांची माहिती मराठीत, एका पानावर, हातात द्या. आणि निरोगी दिसणारी दाढ उपटण्याआधी या आजाराची शंका घ्यायलाच हवी, असं दंतवैद्यांना लेखी कळवा. याला नवं रुग्णालय बांधावं लागत नाही, एक परिपत्रक पुरतं.

तोवर, घरात असं कुणी असेल तर गोळी मनाने एकदम बंद करू नका. अंगावर पुरळ उठलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि पुढच्या भेटीत तोंडावर विचारा: "डोस वाढवण्याशिवाय आणखी काय आहे?" उत्तर मिळालं नाही, तर डॉक्टर बदला.