नर्मदेच्या काठी येणारे पाहुणे

नंदुरबार जिल्ह्याच्या अगदी उत्तरेला सातपुड्याच्या रांगा उतरत उतरत नर्मदेच्या पाण्याला भिडतात. पूर्वी येथे नदी खडकांवर आपटत, अरुंद घळीतून वाट काढीत पश्चिमेकडे धावत असे. आता तो खळाळ ऐकू येत नाही. गुजरातेत केवडियाजवळ बांधलेल्या सरदार सरोवर धरणामागे पाणी थांबले आहे. ते नाल्यांच्या मुखांतून डोंगरांच्या कुशीत शिरले आहे आणि वरच्या बाजूस दोनशे किलोमीटरांहून अधिक लांब पसरले आहे. पावसाळा सरता सरता या पाण्यावर होडीतून निघालेल्या माणसाला दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर दिसतात. एका वळणाआड दुसरे वळण दडलेले असते आणि संथ पाण्यावर ढगांच्या सावल्या सरकत असतात.

हे दृश्य पाहून नवख्या प्रवाशाच्या मनात एक विचार सहज येतो. येथे एखादी लहानशी सुरेख नौका का असू नये? वीसपंचवीस प्रवाशांनी तीत बसावे, दुर्बिणीतून पक्षी पाहावेत, एखादे अस्वल काठावर आले तर श्वास रोखून बघावे, आणि दोन दिवसांनी ताजेतवाने होऊन घरी परतावे. ही इच्छा मुळीच वावगी नाही. निसर्ग पाहण्याची ओढ ही चांगल्या मनाची खूण आहे. परंतु अशी नौका कोणाच्या दारावरून जाणार, हा प्रश्न तिकीट काढण्यापूर्वी विचारावयास हवा.

अशा नौकाविहाराचे एक जगप्रसिद्ध ठिकाण अमेरिकेच्या अलास्का प्रांतात आहे. त्याचे नाव ‘ग्लेशियर बे’, म्हणजे हिमनद्यांचा उपसागर. डोंगरांवर वर्षानुवर्षे साचलेला बर्फ दाबला जाऊन घट्ट होतो आणि स्वतःच्या भाराने अत्यंत मंद गतीने खाली सरकू लागतो, तीच हिमनदी. ती समुद्रापर्यंत पोचली की तिच्या टोकाचे प्रचंड कडे मेघगर्जनेसारखा आवाज करीत पाण्यात कोसळतात. त्या तरंगत्या बर्फावर सील नावाचे जलचर आपली पिले घेऊन पहुडलेले असतात. मोठ्या जहाजांना जेथे वळताही येत नाही, अशा अरुंद खाड्यांत लहान नौका अलगद शिरतात. तेथील नियम मोठे कडक आहेत. दिवसाकाठी दोनच मोठ्या प्रवासी जहाजांना आत प्रवेश मिळतो. कुबड्या देवमाशापासून सुमारे अर्धा किलोमीटर दूर राहावे लागते, आणि जेथे देवमासे अधिक असतात तेथे नौकेचा वेगही कमी करावा लागतो. पाहणाऱ्याने आपली हौस प्राण्याच्या सोयीने भागवावी, असा या नियमांचा अर्थ आहे.

या उपसागराची हकीकत मोठी विलक्षण आहे. १७९४ मध्ये व्हँकूव्हर या इंग्रज दर्यावर्दीच्या तुकडीने हा किनारा पाहिला, तेव्हा तेथे उपसागर जवळजवळ नव्हताच. सारी जागा बर्फाने भरलेली होती. १८७९ मध्ये जॉन म्यूर हा निसर्गप्रेमी लेखक तेथे गेला, तेव्हा बर्फ कितीतरी आत हटला होता. १९१६ पर्यंत तो शंभर किलोमीटरांहूनही मागे गेला. त्याने मोकळ्या केलेल्या उघड्या जमिनीवर आधी शेवाळ, मग झुडपे आणि शेवटी अरण्य कसे उगवते, हे शास्त्रज्ञांनी तेथे पायरीपायरीने नोंदवून ठेवले आहे. बाहेरून आलेल्यांना वाटले, ही मानवाचा स्पर्श न झालेली भूमी आहे. परंतु तेथील हूना त्लिंगित लोकांच्या परंपरागत कथा निराळेच सांगतात. त्यांची गावे याच ठिकाणी होती. अठराव्या शतकात हिमनदी पुढे सरकली, तिने त्यांची घरे गिळली आणि त्यांना परागंदा व्हावे लागले. पुढे बर्फ हटला, तोवर या प्रदेशावर दुसऱ्यांचीच सत्ता आली होती. १९२५ मध्ये तो संरक्षित झाला, १९८० मध्ये राष्ट्रीय उद्यान बनला, आणि पूर्वजांच्या भूमीत समुद्रपक्ष्यांची अंडी गोळा करणे हाही गुन्हा ठरला. अंडी गोळा करण्याची मर्यादित मुभा देणारा कायदा २०१४ मध्ये झाला. २०१६ मध्ये त्याच किनाऱ्यावर त्या लोकांचे पारंपरिक पद्धतीचे कुलगृह पुन्हा उभे राहिले. आज नौकेतून उतरणाऱ्या प्रवाशाला हे घर पाहावयास मिळते. ते उभे राहावयास इतका काळ का लागावा?

अलास्कात जे बर्फाने केले, ते नर्मदेच्या खोऱ्यात पाण्याने केले. बर्फाला मात्र कोणी आणले नव्हते. नर्मदेचे पाणी माणसांनी विचार करून, आकडेमोड करून अडविले. धरणाची कोनशिला ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसली, १७ सप्टेंबर २०१७ रोजी धरणाचे लोकार्पण झाले, आणि २०१९ च्या पावसाळ्यात पाणी प्रथमच १३८.६८ मीटरांच्या पूर्ण पातळीला पोचले. या पाण्याने गुजरात आणि राजस्थान यांच्या कोरड्या भागांची तहान भागते, शेते भिजतात, वीजही निर्माण होते. हा लाभ लहान नाही आणि तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतील तेहतीस गावे या जलाशयाने बाधित झाली. मणिबेली हे त्यांतले सर्वांत आधी बुडू लागलेले गाव. तेथील शूलपाणेश्वराचे पुरातन देऊळ आज पाण्याखाली आहे. ज्या ‘शूलपाणीच्या झाडी’तून परिक्रमावासी शतकानुशतके भीत भीत जात असत, तिची काठाकाठाची वाटही बुडाली.

काही कुटुंबे तळोदे आणि शहादे तालुक्यांत सपाटीवर वसविली गेली. त्यांना जमीन देण्यासाठी तळोद्याकडचे वनही मोकळे करण्यात आले. म्हणजे एका रानातून निघालेल्या माणसांसाठी दुसरे रान तुटले. काही कुटुंबे मात्र डोंगर सोडून गेली नाहीत. जुनी घरे बुडाली तेव्हा त्यांनी वरच्या उतारावर नवी बांधली. नकाशावर ज्याला ‘निर्जन किनारा’ म्हणण्याचा मोह होतो, तेथे भिल्ल आणि पावरा माणसांची अशी घरे आहेत. मोहाचे कोणते झाड कोणाचे, हे तेथे लहान मुलालाही ठाऊक असते.

आता ज्यांच्यासाठी दुर्बीण घ्यावयाची, त्या प्राण्यांविषयी. या डोंगरांत अस्वले आहेत, बिबटे आहेत. शेजारच्या गुजरातेत १९८२ मध्ये खास अस्वलांसाठी डुमखल अभयारण्य स्थापन झाले. तेच पुढे विस्तारून शूलपाणेश्वर अभयारण्य झाले. परंतु नंदुरबारचा खरा मानकरी एक पक्षी आहे, आणि तो जेमतेम वीतभर उंचीचा आहे. त्याचे नाव रानपिंगळा. हा घुबडाच्या जातीचा असूनही दिवसा हिंडतो, निष्पर्ण सागाच्या शेंड्यावर उन्हात बसतो आणि शेपटी हलवीत राहतो. १८८४ नंतर त्याचा विश्वसनीय पुरावा कोणालाच मिळाला नव्हता. रिचर्ड माइनर्टझागेन नावाच्या एका इंग्रज संग्राहकाने १९१४ मध्ये आपण गुजरातेत हा पक्षी मिळविल्याचे सांगितले होते. पण तो नमुना चोरीचा आणि त्याची हकीकत खोटी निघाली. ही लबाडी उघडकीस आणणाऱ्या पामेला रासमुसेन या विदुषीने खोटा पत्ता बाजूला सारला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी तिला व तिच्या सोबत्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. एकशे तेरा वर्षे ज्याला जगाने हरवलेला मानले, तो येथेच शांतपणे बसलेला होता! तोरणमाळच्या रानातही तो आढळतो. सागाचे रान राहिले तरच तो राहील. आणि नौकेच्या वेळापत्रकाप्रमाणे तो हजर होईल, अशी आशा कोणी धरू नये.

पाहुण्यांच्या सोयीसाठी वन्य प्राण्यालाच जागा सोडावयास लावण्याचा मोह कसा होतो, याचे उदाहरण फार दूर शोधावे लागत नाही. केवडियाला सरदार वल्लभभाईंचा भव्य पुतळा २०१८ मध्ये उभा राहिला. तेथे पाण्यावर उतरणारे विमान आणावयाचे ठरले. ज्या तळ्यात ते उतरणार त्यात मगरी होत्या. म्हणून २०१९ पासून अनेक मगरी पिंजऱ्यांत पकडून दुसरीकडे नेण्यात आल्या. विमान ३१ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाले आणि २०२१ मध्ये बंदही पडले. प्रवाशांची सुरक्षितता महत्त्वाची, हे मान्य. तरी हौस काही महिन्यांची आणि विस्थापन कायमचे, हा हिशेब बरोबर दिसत नाही.

नौकाविहाराच्या बाजूने सर्वांत बळकट मुद्दा पोटापाण्याचा आहे. या डोंगरांतील कितीतरी कुटुंबे दरवर्षी पावसाळ्यानंतर मजुरीसाठी, ऊसतोडीसाठी घर सोडून गुजरातेत जातात. प्रवासी येऊ लागले तर चार घरांना गावातच काम मिळेल. हा विचार उडवून लावण्याजोगा नाही. परंतु काम कोणते, हेही पाहावे लागते. दूरच्या शहरातील मालकाच्या नौकेवर ओझी वाहणे हेही कामच, आणि आपल्या पाण्यावर आपलीच नौका हाकणे हेही कामच. पहिल्याने मजुरी मिळते. दुसऱ्याने मजुरीबरोबर मानही मिळतो आणि रानाची राखण करण्यास कारणही मिळते. ज्याचे पोट रानपिंगळ्याच्या सागावर अवलंबून आहे, तो त्या सागावर कुऱ्हाड पडू देणार नाही.

आणखी एक गोष्ट या सर्वांच्या आधी येते. येथे होडी ही हौसेची वस्तू नाही. तो रस्ता आहे. पाड्यांना जोडणाऱ्या जुन्या पायवाटा बुडाल्या, तेव्हा आजारी माणसाने दवाखान्यात जावयाचे तर पाण्यावरूनच. म्हणून या जलाशयात तरंगते दवाखाने फिरू लागले. २०२० मध्ये साथीच्या भीतीने घरोघरची माणसे बाहेर पडेनाशी झाली, तेव्हा चिमलखेडीच्या एका अंगणवाडी सेविकेने मच्छीमाराची लहान होडी उसनी घेतली आणि अठरा किलोमीटरांचे अंतर वल्हवीत ती अलिगट व दादर या पाड्यांवरच्या तान्ह्या मुलांची वजने घेण्यास, गरोदर मातांना पोषक आहार देण्यास जात राहिली. तिच्या होडीला छत नव्हते, यंत्र नव्हते. त्याआधीच्याच वर्षी, १५ जानेवारी २०१९ रोजी, मकर संक्रांतीला भुशा येथे नर्मदेच्या पूजेसाठी निघालेल्या भाविकांची नाव उलटली आणि लहान मुलांसह काही माणसे बुडून मेली. नावेत तिच्या शक्तीपेक्षा अधिक माणसे बसली होती, असे त्या वेळी सांगण्यात आले. ज्या पाण्यावर गावकऱ्यांना सुखरूप पैलतीर गाठता येत नाही, त्या पाण्यावर गाद्यागिरद्यांची नौका फिरणे शोभणार नाही.

तेव्हा नौका यावीच, पण तिने क्रम पाळावा. आधी प्रत्येक धक्क्यावर भक्कम नाव, तरंगण्याची जाकिटे आणि किती माणसे बसवावयाची याचा न मोडणारा नियम असावा. मग प्रवाशांची लहान नौका यावी. तिचे सुकाणू काठावरच्याच तरुणाच्या हाती द्यावे. कारण कोणत्या खाचेत खडक आहे आणि कोणत्या उतारावर अस्वल मोहाची फुले वेचावयास येते, हे त्याला पाठ असते. मणिबेलीच्या पाण्यावर आल्यावर त्याने यंत्र बंद करावे आणि देऊळ कोठे होते, बाजाराची वाट कोठून जाई, त्याच्या आजोबांचे शेत कोणत्या झाडापर्यंत होते, ते प्रवाशांना दाखवावे. आठवड्याच्या बाजाराला मात्र ही नौका प्रवाशांना देऊ नये. त्या दिवशी तिने धान्याची पोती, तेलाचे डबे, दवाखान्यात निघालेली एखादी म्हातारी, आणि सुट्टी संपवून शाळेकडे निघालेली मुले पलीकडे न्यावीत.