यादी, दोरा आणि शिवणीतली माया



दहावी-बारावीचे निकाल लागले की शाळेत माजी विद्यार्थी पेढे घेऊन येतात आणि त्यांच्या मागोमाग पालक प्रश्न घेऊन येतात. पूर्वी प्रश्न एकच असायचा, "मॅडम, कोणत्या शाखेला घालू?" आता त्याला जोडून दुसरा येतो, "मॅडम, मुलगा गेम खेळायचा कॉम्प्युटर मागतोय. अभ्यासाला पण लागेल म्हणतो. देऊ का?"

मी उर्दू आणि मराठी शिकवते. कॉम्प्युटरमधली जाणकार नाही. पण २०२४ च्या जूनमध्ये हाच प्रश्न माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरी उभा राहिला आणि मला त्यात पडावे लागले. त्या महिन्यात जे शिकले ते आज तुमच्यासमोर ठेवते.

आपा चिपळूणला राहते. दुल्हेभाई शिंपी आहेत. भाचा बारावी झाला आणि कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळाला. घरात ४२,००० रुपये बाजूला ठेवलेले होते आणि बाप-लेकांत बोलणे बंद होते. कारण जुने होते. दोन वर्षांपूर्वी भाच्याने हट्टाने ओळखीतल्या एकाकडून १२,००० रुपयांना जुना कॉम्प्युटर घेतला होता. सहा महिन्यांत एका रात्री वीज गेली, परत आली आणि आतून जळका वास आला. दुरुस्तीवाल्याने सांगितले, आतला वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, हलक्या दर्जाचा होता. तो गेला आणि जाताना मदरबोर्डलाही घेऊन गेला. दुल्हेभाईंच्या मनात तेव्हापासून एकच गोष्ट बसली होती, "पोरगा गेमसाठी पैसे बुडवतो."

"खाला, तुम्ही अब्बूंना सांगा ना," भाचा मला म्हणाला.

मी म्हटले, "सांगेन. आधी तू कागदावर यादी लिही. प्रत्येक वस्तूपुढे किंमत आणि ती का हवी, हे एका वाक्यात. आणि सगळ्यात वर, या मशीनवर तू काय करणार ते."

दुसऱ्या दिवशी यादी आली. वर लिहिले होते, 'अभ्यास, प्रोजेक्ट, ऑनलाइन कोर्स.' खाली मात्र निम्मे पैसे एकट्या ग्राफिक्स कार्डावर, रंगीत दिव्यांच्या सहा पंख्यांचा काचेचा कॅबिनेट आणि सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशांत बसवलेला ९०० रुपयांचा पॉवर सप्लाय! म्हणजे ज्या डब्याने घर पोळले, तोच पुन्हा.

मी विचारले, "वर लिहिलेले खरे आहे का?"

तो गप्प बसला. मग त्याने ती ओळ खोडली आणि लिहिले, 'कॉलेजचे प्रोग्रामिंग. आणि गेम. रोज खेळणार.'

आता यादी खऱ्या कामापासून सुरू झाली, आणि तिथून ती सुधारत गेली. आठ दिवस तो वाचत होता, मला समजावत होता आणि मी न समजणाऱ्या विद्यार्थ्यासारखी प्रश्न विचारत होते.

पहिला प्रश्न प्रोसेसरचा. भाच्याला इंटेलचा एक प्रोसेसर स्वस्तात मिळत होता, त्याच्या नावाच्या शेवटी 'एफ' होते. हे अक्षर पालकांनी लक्षात ठेवावे. एफ म्हणजे त्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवणारा भाग नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवल्याशिवाय पडदा काळाच राहतो. ज्याच्याकडे आज कार्डाचे पैसे नाहीत, त्याच्यासाठी हे स्वस्त फार महाग पडते. शेवटी ठरला तो एएमडीचा रायझेन ५ ५६००जी. २०२१ चा, म्हणजे नवा नाही. पण सहा कोअरचा, प्रोग्रामिंगला भरपूर, आणि ग्राफिक्स त्याच्या आतच. थंड ठेवणारा पंखाही खोक्यातच मिळतो, त्याचा वेगळा खर्च नाही. काउंटर-स्ट्राइक टू किंवा जीटीए फाइव्हसारखे खेळ सेटिंग खाली आणून त्यावर चालतात. अगदी नवे, जड खेळ नीट चालणार नाहीत, हेही त्याने यादीत लिहिले.

दुसरा प्रश्न रॅमचा. १६ जीबी हवी, ठीक. पण १६ ची एक पट्टी घ्यायची की ८-८ च्या दोन? आतले ग्राफिक्स स्वतःची मेमरी ठेवत नाही, रॅममधूनच उसनी घेते. दोन पट्ट्या योग्य खाचांत लावल्या तर प्रोसेसर एका नळाऐवजी दोन नळांनी पाणी भरतो. पैसे जवळपास तेवढेच, पण खेळात फरक डोळ्यांना दिसतो.

तिसरा, साठवणुकीचा. जुनी हार्डडिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी वाचते. बोर्डावर बसणारी एनव्हीएमई एसएसडी हजारोंत वाचते. म्हणून १ टीबीची हार्डडिस्क नको, ५०० जीबीची एसएसडी घ्यायची. जागा कमी पडली तर दुसरी पुढे जोडता येते.

चौथा, मदरबोर्डाचा. इथे थोडे जास्त पैसे घातले. बी५५० जातीचा, रॅमच्या चार खाचा असलेला बोर्ड घेतला. त्याहून जुना बोर्ड दोनेक हजारांनी स्वस्त होता. पण जुन्या बोर्डांना नवा प्रोसेसर ओळखता यावा म्हणून आधी बायोस अद्ययावत करावे लागते, आणि दुकानात पडून राहिलेल्या मालाला ते केलेले असेलच असे नाही.

आणि पाचवा, पॉवर सप्लाय. ५५० वॅटचा, '८० प्लस ब्राँझ' खूण असलेला, पाच वर्षांच्या वॉरंटीचा, ३,९०० रुपये. ही खूण वीज किती कमी वाया जाते ते सांगते. टिकाऊपणासाठी कंपनी आणि वॉरंटी पाहायची. भाच्याची लेखणी इथे थबकली. "खाला, आता कार्डच नाही, तर ५५० वॅट कशाला? अब्बू विचारतील."

"विचारू दे. उत्तर तू द्यायचेस," मी म्हटले.

रात्री जेवणानंतर यादी दुल्हेभाईंसमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावला. पहिली ओळ वाचली, 'आणि गेम. रोज खेळणार.' मला वाटले, संपले सगळे. ते मुलाकडे पाहून म्हणाले, "खरे लिहिलेस. पुढे सांग."

भाचा एकेक ओळ सांगत गेला. पॉवर सप्लायवर आल्यावर त्यांनी विचारलेच, "या डब्याला चार हजार?"

तो म्हणाला, "मागच्या वेळी हाच गेला होता, अब्बू. बाकी सगळ्यांना वीज हाच देतो. हा वाईट निघाला तर सगळे जाते. आणि पुढेमागे कार्ड घेतले तर याला बदलावे लागणार नाही."

दुल्हेभाई थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे हा दोरा आहे. कापड कितीही भारी घे, दोरा हलका वापरलास तर शिवण उसवणारच." मग बोर्डावर बोट ठेवून म्हणाले, "आणि या रिकाम्या खाचा म्हणजे माया. वाढत्या पोराची पँट शिवताना आम्ही शिवणीत माया ठेवतो. पोर वाढले की तेवढी उसवायची, नवी पँट लागत नाही."

आठ दिवसांत मला जे कळले नव्हते ते शिंप्याला दोन वाक्यांत कळले.

शनिवारी आम्ही तिघे मुंबईला गेलो. दादरहून लोकलने ग्रँट रोडला उतरलो आणि चालत लॅमिंग्टन रोड गाठला. या रस्त्याचे नाव आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण बाजार जुन्याच नावाने ओळखला जातो. चार दुकानांत तीच यादी दाखवली. चारही भाव वेगळे. एकाने कार्डासह हप्त्यांचा मार्ग सुचवला. दुल्हेभाईंनी हात जोडले. व्याज त्यांना नको होतेच, शिवाय ते म्हणाले, "हप्ता फिटेपर्यंत वस्तू जुनी होते, मग दोन्ही ओझी." त्या दिवसाचा हिशेब असा:

प्रोसेसर ११,४००
मदरबोर्ड ८,६००
रॅम, ८ जीबीच्या दोन पट्ट्या ३,५००
एसएसडी ५०० जीबी ३,२००
पॉवर सप्लाय ३,९००
कॅबिनेट, साधा, जाळीचा २,४००
मॉनिटर, फुल एचडी ७,२००
कीबोर्ड आणि माउस ९००

एकूण ४१,१००. उरलेल्या ९०० रुपयांत विजेच्या झटक्यापासून वाचवणारा एक्स्टेंशन बोर्ड घेतला, पावसाळ्यातल्या आमच्या विजेचा भरवसा नको म्हणून. सगळे पक्क्या बिलावर. बिलाशिवाय घेतले तर १८ टक्के जीएसटी वाचेल, असे एकाने कानात सांगितले. पण वॉरंटी मागायला गेल्यावर पहिले बिलच विचारतात.

एक खर्च मात्र आम्ही विसरलो होतो, विंडोजचा परवाना. दुकानातला पोरगा म्हणाला, "फुकट टाकून देतो." दुल्हेभाईंनी विचारले, "फुकट म्हणजे कोणाचे?" त्याला उत्तर सुचेना. भाच्याने मोफत आणि कायदेशीर असलेले उबुंटू टाकून घेतले. प्रोग्रामिंगला ते उत्तम. काउंटर-स्ट्राइक टू त्यावर चालतो. व्हॅलोरंट चालत नाही, आणि मित्र सगळे व्हॅलोरंटवाले! विंडोजचे पैसे साठेपर्यंत त्याने पाच महिने कळ काढली. मला त्याचे कौतुक वाटले ते इथे.

कॉम्प्युटर बैठकीच्या खोलीत ठेवला, टेबलावर. जुलै २०२१ चा पूर पाहिलेला चिपळूणकर जमिनीवर काही ठेवत नाही. बैठकीत ठेवल्यामुळे रात्री किती वेळ खेळतो यावर वेगळा पहारा लागला नाही. आपाने तर विजेचा हिशेबही विचारून घेतला. मशीन २५० वॅट ओढत असेल तर चार तासांत एक युनिट. हे आकडे त्याने स्वतः भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याने ग्राफिक्स कार्ड घेतले. पैसे स्वतःचे, आठवी-नववीच्या मुलांच्या शिकवण्यांतून जमवलेले १३,५००. वापरलेले आरएक्स ६६००, आठ जीबीचे. जुने कार्ड घेताना एक धोका असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि त्याच्या खाणकामात रात्रंदिवस राबवलेली कार्डे बाजारात आली. म्हणून त्याने मूळ बिल मागितले, कार्डावरचा अनुक्रमांक बिलाशी ताडला, अर्धा तास समोर गेम चालवून पाहिला, तापमान पाहिले, पंख्याचा आवाज ऐकला आणि मगच पैसे दिले.

बसवताना दुल्हेभाई टॉर्च धरून उभे होते. कार्डाला लागतात १३२ वॅट, प्रोसेसरला ६५, बाकी सगळे मिळून पन्नासेक. २५० च्या आत. डबा ५५० चा. काहीही बदलावे लागले नाही. पडदा उजळला तेव्हा ते एवढेच म्हणाले, "माया कामाला आली."

वाचकांनो, वरचे भाव जून २०२४ चे आहेत, ते धरून चालू नका. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव इतके चढले की तेव्हाची ती दोन पट्ट्यांची किंमत आता स्वस्ताई वाटते. प्रोसेसरही नवे आले आहेत. पण प्रश्न तेच राहतात. मुलाने यादी आणली तर त्याला नाही म्हणण्याआधी किंवा हो म्हणण्याआधी एवढे विचारा: यावर तू खरोखर काय करणार? यातली कोणती वस्तू बिघडली तर बाकीच्या घेऊन जाईल? कोणती आज नसली तरी उद्या जोडता येईल? आणि दिव्यांचे, काचेचे पैसे काढून कुठे घालता येतील?

उत्तरे त्याची त्याला देऊ द्या. ज्या मुलाला बापासमोर 'खेळणार' असे लिहिता येते आणि प्रत्येक रुपयाचे कारण सांगता येते, त्याच्या हातात पैसे द्यायला भीती वाटत नाही. आणि ज्या बापाला ते ऐकून घेता येते, त्याच्याशी मुलगा अबोला धरत नाही. आपाच्या घरी आता रात्री दोघे एका टेबलाशी बसतात. एक कोड लिहितो किंवा खेळतो, दुसरा शेजारी काज-बटण करतो.

खुदा हाफिज. पुढच्या महिन्यात भेटूच, इन्शाअल्लाह.