फुकट खेळाचे मोल

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला, तेव्हा अनेक घरांत सुटकेचा निःश्वास टाकला गेला असेल. परंतु त्या कायद्याचा रोख मुख्यतः पैसे जिंकण्याच्या आशेवर आहे. ज्या खेळांत पैसे जिंकावयाचे नसतात, केवळ घालवावयाचे असतात, त्यांचा प्रश्न त्याने सुटत नाही. ‘फुकट’ म्हणून घरोघरच्या मोबाइलवर उतरलेले खेळ ते हेच.

त्यांचे अर्थकारण विलक्षण आहे. स्वर्व्ह या अमेरिकन कंपनीच्या २०१४ च्या पाहणीनुसार, अशा खेळांतील खरेदीचे निम्मे उत्पन्न अवघ्या ०.१५ टक्के खेळाडूंकडून, म्हणजे दहा हजारांतील पंधरा जणांकडून येत होते. या पंधरांना धंद्याच्या परिभाषेत ‘व्हेल’, म्हणजे देवमासे, म्हणतात. हा शब्द जुगाराच्या अड्ड्यांवरून आला आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. नाटकाचे तिकीट एकदा काढले की खर्च संपतो. येथे खर्चाला वरची मर्यादाच नाही. रुपयांचे प्रथम हिरे किंवा नाणी होतात, म्हणजे किती खर्चले याचा अंदाज राहू नये. मग ताटकळणे टाळण्यासाठी पैसे, आणि आत काय निघेल हे ठाऊक नसलेली पेटी उघडण्यासाठी पुन्हा पैसे! फुकट खेळणारेही निरुपयोगी नव्हेत. ज्यांना हरवावयाचे व ज्यांच्यापुढे मिरवावयाचे, ती गर्दी तेच पुरवितात.

श्रीमंताने आपला पैसा उधळला तर इतरांचे काय गेले, असे कोणी विचारील. तेवढ्यापुरता प्रश्न रास्त आहे. परंतु ज्याला परवडते तो आणि ज्याला थांबवतच नाही तो, हे दोघे कंपनीच्या वहीत एकाच रकान्यात बसतात. तो पैसा शिलकीतला की घरभाड्याचा, हे वही विचारीत नाही. खरा अन्याय आहे तो येथे.

इतर देश स्वस्थ बसलेले नाहीत. सुट्या चित्रांचा संच पुरा करण्याच्या आमिषाने सोडती घ्यावयास लावणारा प्रकार जपानने २०१२ मध्ये बेकायदा ठरविला. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये काही खेळांतील अशा पेट्यांना जुगारच म्हटले. अमेरिकेत एपिक गेम्स या कंपनीने, खेळाडूंकडून नकळत खरेदी करवून घेतल्याच्या तक्रारीवरून, २४.५ कोटी डॉलर देण्याचे २०२२ मध्ये मान्य केले.

आमच्या मते सरसकट बंदीची आवश्यकता नाही. किंमत रुपयांत दाखवावी, पेटीतून काय निघण्याचा किती संभव आहे ते सांगावे, मासिक खर्चाची मर्यादा खेळाडूकडून आधीच ठरवून घ्यावी, आणि अल्पवयीनांच्या प्रत्येक खरेदीस पालकांची संमती असावी. फुकट म्हणून दार उघडणाऱ्याने दाराबाहेरच दराचा फलक लावावा, ही मागणी अवाजवी नव्हे. जो धंदा असा फलक लावून चालणार नाही, तो कोणाच्या जिवावर चालला होता, हे मग निराळे सांगावे लागणार नाही.