दाढ दुखेपर्यंत

रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2023 मध्ये सुरू झाले. त्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून जिल्ह्यात दंत महाविद्यालय आहे, खेडचे योगिता. तिथून दरवर्षी दंतवैद्यांची नवी तुकडी बाहेर पडते. तरीही मंडणगड किंवा राजापूरच्या आतल्या वाडीतला माणूस दंतवैद्याकडे जातो तो गाल सुजल्यावरच. त्याआधी लवंग, तुरटी, मिठाच्या गुळण्या आणि मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्या असे सगळे टप्पे पार पडलेले असतात. खुर्चीत बसल्यावर मागणीही ठरलेली असते: काढून टाका एकदाची.

या मागणीला कोणी अडाणीपणा म्हणू नये. त्यामागे चोख हिशेब आहे. रूट कॅनॉल म्हणजे दोन-तीन फेऱ्या, वर कॅप बसवण्याचा खर्च. बायकांना एसटीत अर्धे तिकीट झाले, पण बुडालेला रोज कोणी भरून देत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना कर्करोगाला आणि जबड्याच्या फ्रॅक्चरला उपयोगी पडते. किडलेला दात वेळेवर भरून घ्यायला नाही. म्हणजे दात वाचवायचा तर खिशातून, आणि दुखणे ऑपरेशनपर्यंत गेले की सरकार मदतीला. ही उलटी रचना बदलली पाहिजे, आणि तिची सुरुवात दंतवैद्य बसतो कुठे या साध्या प्रश्नापासून करायला हवी.

तोंडाचे रोग ही काही कोकणची मक्तेदारी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार जगातल्या जवळपास साडेतीन अब्ज लोकांना तोंडाचा कुठला ना कुठला आजार आहे. पण इथल्या रोगाला इथली चव आहे. ती चव मशेरीची.

तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुस्करायची आणि बोटाने दातांना, हिरड्यांना घासायची. दात साफ करायला म्हणून ती सुरू होते. मग सकाळची एकदाची दुपारी, संध्याकाळी, कामातून उठल्यावर अशी होत जाते, कारण हिरडीतून रक्तात जाणारे निकोटिन आपले काम चोख करते. विडी ओढणाऱ्या नवऱ्याला बोलणारी बाई स्वतःच्या मशेरीला व्यसन मानत नाही, तिच्या लेखी ते मंजन असते. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरताना आढळले, तर धूम्रपान करणारे अवघे 3.8 टक्के. राज्यात गुटखाबंदी जुलै 2012 पासून आहे. तव्यावरच्या तंबाखूला ती लागू होणार तरी कशी?

याचे धोके काल-परवा कळलेले नाहीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एकेकाळी दंतसंशोधनाचा स्वतंत्र विभाग होता, हे आज ऐकायलाही नवल वाटते. डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या 1,01,761 ग्रामस्थांची तोंडे तपासून त्याचे निष्कर्ष 1972 मध्ये प्रसिद्ध केले. हे काम दंतवैद्यांनी गावोगावी जाऊन केले होते. तोंडातले पांढरे चट्टे, लाल चट्टे, आखडत चाललेला गाल या खुणा कर्करोगाच्या कितीतरी आधी दिसतात आणि त्या पाहायला बॅटरी आणि शिकलेली नजर पुरते. सुपारीचेही तसेच. दापोली-गुहागरच्या वाड्यांना सुपारी पैसा देते, म्हणून तिच्याविषयी इथे जरा हळू आवाजात बोलले जाते. पण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविना नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवून वीस वर्षे उलटली. सुपारीने तोंड दोन बोटांपलीकडे उघडेनासे झाले की रुग्ण येतो. तोवर गालाच्या आतली कातडी चामड्यासारखी घट्ट झालेली असते, आणि ती पूर्ववत होत नाही.

नुसत्या तपासणीने जीव वाचतात का, या प्रश्नाचे उत्तर केरळने दिले आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या 13 पंचायतींपैकी सातमध्ये प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडे डोळ्यांनी तपासली. 2005 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे 34 टक्क्यांनी कमी झाले. हे कार्यकर्ते तर डॉक्टरही नव्हते.

आपल्याकडेही तिशीपुढच्या सगळ्यांची तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी कागदावर आहेच. ती करायची कोणी? आशाताईने माहिती भरायची, उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने तोंड पाहायचे. या अधिकाऱ्यांच्या पदांवर महाराष्ट्रात प्रामुख्याने आयुर्वेदाचे पदवीधर आणि परिचारिका आहेत. रक्तदाब, साखर, लसीकरण, गरोदर बायका आणि वर ऑनलाइन नोंदींचा ढीग सांभाळून त्यांनी प्रत्येक गालाच्या आत बॅटरी मारावी, ही अपेक्षाच अंमळ जास्त आहे.

दुसरीकडे बीडीएस झालेली मुले-मुली आहेत. नीटमध्ये एमबीबीएस हुकले म्हणून बीडीएस, असा प्रवास बहुतेकांचा. चार वर्षे अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि त्यातली बहुतांश खासगी. महाराष्ट्रातली सरकारी मोजायला एका हाताची बोटे पुरतात. म्हणजे शिक्षण कर्जाचे. मग स्वतःचा दवाखाना काढायचा तर खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, ऑटोक्लेव्ह. शिवाय कोकणातल्या पावसाळ्यात वीज गेली की इन्व्हर्टर. हप्ता फेडायला दिवसाला किती रुग्ण हवेत याचे गणित लांज्यात सुटत नाही, ठाण्यात कसेबसे सुटते. म्हणून पोर मुंबई गाठते आणि कुणाच्या तरी क्लिनिकमध्ये तुटपुंज्या पगारावर उभे राहते. घरचे विचारतात, डॉक्टर झालीस ना? आणि तिला गप्प बसावे लागते.

‘झालीस’ असे स्त्रीलिंगी लिहिले ते उगाच नव्हे. दंतवैद्यकाच्या वर्गांत मुलींची संख्या मोठी आहे. मशेरी लावणारी साठीची आजी पुरुष डॉक्टरपुढे ओठ मिटून बसते, मुलीपुढे मोकळी होते. हे मनुष्यबळ सरकारने फुकट जाऊ देणे परवडणारे नाही. प्रत्येक तालुक्यात गावोगाव फिरणारी दंतवैद्याची दोन-तीन पदे, त्यांना ठरलेला पगार, आणि काम फक्त तोंडे तपासण्याचे, दात भरण्याचे, संशयित रुग्ण जिल्हा रुग्णालयात किंवा डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात पाठवण्याचे. खुर्चीची वाट पाहायची गरज नाही. आफ्रिकेत टांझानियामध्ये 1980 च्या दशकात वीज आणि ड्रिलविना, नुसत्या हातहत्यारांनी कीड खरवडून दात भरण्याची पद्धत विकसित झाली आणि पुढे जगभर स्वीकारली गेली.

शाळांसाठी तर औषधही हाताशी आहे. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब किडलेल्या दातावर लावला की कीड बहुधा तिथेच थांबते. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही. दात काळा पडतो एवढाच तोटा, आणि दुधाच्या दाढेला तो कोणाला दिसतो? 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक जिल्हा परिषदेच्या शाळांत येते, दातांची कीड नोंदवते आणि चिठ्ठी देऊन पुढे जाते. चिठ्ठी घेऊन किती पालक तालुक्याला जात असतील? पथकात एक दंतवैद्य असेल तर उपचार वर्गातच उरकेल.

हे सगळे काम दंतवैद्यानेच करायला हवे असेही नाही. न्यूझीलंडने 1921 मध्ये शाळांसाठी दंत परिचारिका तयार करायला घेतल्या, तेव्हा तिथल्या काही दंतवैद्यांनी विरोध केला होता. आपल्याकडे 1948 च्या दंतवैद्य कायद्यातच डेंटल हायजिनिस्टची, म्हणजे दात साफ करणाऱ्या प्रशिक्षित सहायकाची, तरतूद होती. पंचाहत्तर वर्षांत सरकारी दवाखान्यात हायजिनिस्ट पाहिलेला रत्नागिरीकर विरळाच. 2023 च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्याने ती जुनी व्यवस्था बदलण्याचे ठरवले आहे, तर पदनिर्मितीचा विषयही याच वेळी निघायला हवा. दिल्ली-मुंबईचे ठरेपर्यंत जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून एका तालुक्यात प्रयोग करता येईल. तो खेडमध्ये नको, तिथे महाविद्यालय आहे. मंडणगडला करावा.