ओपन स्पेस ओपनच राहू द्या!

चाळीसगावकर बंधू-भगिनींनो,

पहाटे साडेपाचला भडगाव रोडच्या, हिरापूर रोडच्या कॉलन्यांमधून काही माणसं तिरकी-तिरकी, ओढली गेल्यासारखी चालताना तुम्ही पाहिली असतील. ती आम्ही. फिरायला आम्ही कुत्र्यांना नेतो असं घरी सांगून निघतो. प्रत्यक्षात कोण कोणाला नेतं ते रस्त्याला दिसतंच. आमच्यात शिक्षक आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत, एक मेडिकलवाले आहेत, दोन कॉलेजची पोरं आहेत. लॅब्राडोर आहेत, जर्मन शेफर्ड आहेत, आणि निम्म्याहून जास्त साधी गावठी कुत्री आहेत, कोणी गटाराकाठून उचललेली, कोणी मळ्यातून आणलेली.

ही ओढाताण एका ठिकाणी संपते. कॉलनीच्या टोकाला लेआउटमधली ओपन स्पेस आहे. तीन बाभळी, एक कडुनिंब, पावसाळ्यात गुडघाभर गवत, उन्हाळ्यात नुसती माती. तिथे पोचलं की पट्ट्याचा हूक काढायचा. पुढची वीस मिनिटं जे चालतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळणार नाही.

आता त्या मातीत चुन्याच्या रेघा पडल्या आहेत. चौकशी केल्यावर कळलं ते असं: मधोमध सभामंडप, रस्त्याच्या बाजूला गाळे, उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक, भोवती कंपाउंड, आणि कंपाउंडला गेट. गेट म्हटलं की कुलूप आलंच. किल्ली कोणाकडे राहणार हे विचारलं, तर उत्तर मिळालं नाही. कागदावर या सगळ्याला ‘सुशोभीकरण’ म्हणतात.

विरोधाची भाषा काढताच पहिलं वाक्य ऐकायला मिळालं ते आपल्या अहिराणीत: “तठे काहीच नई शे ना भो, खाली जागा शे!” दुसरं त्याहून झणझणीत: “माणूससले जागा नई, आन् कुत्रासले मैदान!” टाळी पडावी असंच वाक्य आहे. म्हणूनच त्याला उत्तर द्यायला हे पत्रक काढलं.

‘खाली जागा’ म्हणणाऱ्या आप्पांना आमचा एकच प्रश्न: आप्पा, प्लॉट घेताना तुम्ही पैसे कशाचे दिलेत? चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा लेआउट पाडला की त्यातली दहा टक्के जमीन करमणुकीसाठी मोकळी सोडावी लागते. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीत हे आहे, आणि त्याआधीच्या नियमांतही अशी जागा सोडावीच लागत होती. म्हणजे दहा एकरांत एक एकर. लेआउट पाडणाऱ्याने तो एकर काही खिशातून सोडला नाही. तो विकता येत नाही म्हणून त्याची किंमत उरलेल्या प्लॉटांवर चढवली. ती तुम्ही भरली, आम्ही भरली, कर्जाच्या हप्त्यांत अजूनही भरतोय. त्या पैशातून आपण मोकळेपणा विकत घेतला. तोच आता आपल्याला सभामंडपाच्या रूपात ‘भेट’ मिळणार, वर कोनशिला आणि नारळ! खेळ-करमणुकीपुरतं थोडकं बांधकाम नियमाला चालतं, हे आम्हाला माहीत आहे. भाड्याचे गाळे त्यात कोणत्या दाराने शिरतात, ते मात्र आम्हाला कोणीतरी समजावून सांगावं.

कायदा आपल्या बाजूने आहे. बंगळूरच्या राजमहल विलास विस्तारात उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी देऊन टाकली होती. रुग्णालय म्हणजे चांगलंच काम, त्याला कोण नाही म्हणणार? रहिवासी म्हणाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1991 साली न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवलं. उद्यानाची जागा गेली तर नुकसान तिथे राहणाऱ्यांचं होतं, म्हणून दाद मागायचा हक्कही त्यांनाच आहे, असं त्या निकालाने मान्य केलं. रुग्णालयाचा जिथे टिकाव लागला नाही, तिथे गाळ्यांचा काय लागणार!

आता कुत्र्यांबद्दल. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास बंदी करणारा 1960 चा कायदा आहे. त्याच्या अकराव्या कलमात मारहाण, उपासमार वगैरे अपेक्षित गोष्टी आहेतच. पण सतत साखळीला बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हाही मालकाचा गुन्हा ठरवला आहे. फक्त कुत्र्यासाठी वेगळं उपकलम आहे ते. थोडक्यात, कायदा आम्हाला सांगतो की याला पळव, आणि चुन्याची रेघ सांगते की पळवायला जागा नाही. मग पळवायचं कुठे? मालेगाव रोडच्या ट्रकांमध्ये? की मे महिन्यात सकाळी नऊलाच तव्यासारख्या तापणाऱ्या सिमेंटवर? आपल्या जिल्ह्यात पारा पंचेचाळीसवर जातो. अनवाणी उभं राहून बघा, मग पेव्हर ब्लॉकबद्दल बोलू.

कोंडून घेण्याचं म्हणाल तर आपल्या गावात त्याचं मोठं उदाहरण आहे. कलामहर्षी केकी मूस यांनी स्टेशनजवळच्या आपल्या घरात अनेक दशकं स्वतःला बंद करून घेतलं आणि आतून जगाला थक्क करणारं काम केलं. पण ते दार त्यांनी स्वतः लावलं होतं. रो-हाऊसच्या पोर्चमध्ये बांधलेल्या मोत्याला तसं कोणी विचारलेलं नाही.

जनावरांसाठी जागा राखणं हे काही शहरी, शौकीन लोकांचं खूळ नाही. महसुलाच्या कायद्यात गायरान आहे. 1966 च्या जमीन महसूल संहितेत गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखायची तरतूद आहे. खांदेमळणीला बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळणारी आणि पोळ्याला त्याच्यावर जू न ठेवणारी माणसं आपण. गायरानांचं पुढे काय झालं तेही पाहिलं. 28 जानेवारी 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावोगावच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली, राज्य सरकारनेही त्याच वर्षी 12 जुलैला तसा निर्णय काढला. आणि 2022 मध्ये उच्च न्यायालयात राज्यातल्या गायरानांवरच्या बांधकामांचा आकडा आला तो दोन लाखांच्या वर. गावाने गायरान घालवलं. शहराच्या वाट्याला ही ओपन स्पेस तेवढी उरली.

सभामंडपाला आमचा विरोध देवामुळे आहे अशी कुजबुज सुरू आहे, तीही इथेच संपवू. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे असतात. खंडोबाबरोबर कुत्रं असतं. दगडात कोरलेलं कुत्रं गाभाऱ्यात चालतं, आणि हाडामांसाचं आवारातसुद्धा चालत नाही, हे त्या देवांना पटेल का ते त्यांनाच विचारा.

आणि ज्यांना कुत्रं आवडत नाही, ज्यांनी आयुष्यात कधी पाळलं नाही, त्यांनी 31 ऑगस्ट 2021 आठवावा. डोंगरात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला, तितूर आणि डोंगरी एकदम फुगल्या, पाणी बाजारपेठेत शिरलं, गुरं वाहून गेली, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. एका मैदानाने तो पूर अडला असता असं म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. पण पाणी जिरायला माती लागते, आणि आपण गेली कित्येक वर्षं एकेक गल्ली, एकेक अंगण, एकेक मोकळा तुकडा सिमेंटखाली घालतोय. साध्या पावसातही आता कॉलनीच्या रस्त्यावर घोटाभर पाणी साचतं. त्याच वेळी या मैदानावर फक्त चिखल असतो. (तो चिखल आमच्या घरात येतो, आणि त्याबद्दल आम्हाला घरी जे ऐकावं लागतं ते या पत्रकात छापण्यासारखं नाही.)

आमच्याही चुका आहेत. आमच्यातल्या काहींनी कुत्र्याची घाण उचलली नाही. एकदा क्रिकेट खेळणाऱ्या मुलांमध्ये एक कुत्रं घुसलं, चेंडू पळवला, एक लहान मुलगी घाबरून पडली. तिच्या आईने जे सुनावलं ते आम्ही मान खाली घालून ऐकलं, कारण ती बरोबर होती. भटक्या कुत्र्यांच्या चावण्याने लोक धास्तावलेले आहेत, ती धास्ती खोटी नाही. आणि आमच्या निष्काळजीपणाने कोणाला इजा झाली तर भारतीय न्याय संहितेच्या 291 व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, हेही आम्ही वाचलं आहे. म्हणून आम्ही आपसात ठरवलंय. पट्टा सुटेल तो सकाळी साडेपाच ते साडेसात, नंतर मैदान मुलांचं. रेबीजच्या लशीचं कार्ड दाखवल्याशिवाय कोणी कुत्रं मोकळं सोडायचं नाही. जो घाण उचलणार नाही त्याला आम्हीच येऊ देणार नाही, मग तो कितीही मोठ्या जातीचं कुत्रं आणो.

हे जगावेगळंही नाही. हैदराबादला कोंडापूरमध्ये 2018 साली महापालिकेने कचरा टाकायच्या जागेवर खास कुत्र्यांसाठी उद्यान उभारलं. अमेरिकेत बर्कलीला 1979 साली भुयारी रेल्वेच्या कामानंतर उरलेल्या पट्ट्यात रहिवाशांनी कुत्र्यांसाठी जागा मिळवली. तिथल्या अशा जागांमधली ती पहिली मानली जाते. पुण्यात वेताळ टेकडीवरून रस्ता काढायचं ठरलं तेव्हा 15 एप्रिल 2023 रोजी लोक रस्त्यावर उतरले, त्यात रोज टेकडीवर फिरणारेच पुढे होते. आम्ही तर उद्यानही मागत नाही. निधी नको, कारंजं नको, हिरवं रंगवलेलं जिराफ नको. कडुनिंबाखाली एक बाकडं आणि एक पाण्याचा हौद, तोही आम्ही वर्गणीतून करू.

करायचं काय? मंजूर लेआउटची नक्कल मागायची. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. नकाशावर आपल्या ओपन स्पेसचं क्षेत्र किती लिहिलंय ते बघायचं आणि टेप घेऊन जागेवर मोजायचं. आम्ही अर्ज टाकला आहे. तुम्हीही आपापल्या कॉलनीचा टाका. तुमच्याकडची ओपन स्पेस कोणाच्या तरी गोडाऊनचं अंगण झालेली निघाली तर दचकू नका.

येत्या रविवारी सकाळी सहाला मैदानावर या. हरकतीच्या अर्जावर सह्या घ्यायच्या आहेत, टेपही आणलेली असेल. कुत्रं असेल तर बाभळीपर्यंत पट्ट्यातच आणा. नसेल तर पोरांना आणा, फक्त त्यांच्या हातात बिस्किटाचा पुडा देऊ नका. आमच्याकडे एक लॅब्राडोर आहे, त्याची खात्री आम्ही देत नाही.

आपले,
सकाळी साडेपाचला भेटणारे रहिवासी,
चाळीसगाव