संसाराचा पुरावा

२०२५ च्या माघ महिन्यांतील गोष्ट. अमेरिकेंत न्यू जर्सी राज्यांत राहणाऱ्या माझ्या भाचीचा रात्रीं फोन आला. "आत्या, माझ्या लग्नाचे फोटो, पत्रिका, जें कांहीं सांपडेल तें पाठव. मला इथल्या नागरिकत्वासाठीं अर्ज करायचा आहे, आणि आमचें लग्न खरें आहे हें सरकारला दाखवायचें आहे."

मला हसूं आवरेना. डिसेंबर २०१९ मध्यें पुण्यांत झालेलें तें लग्न. चारशें पान जेवून उठलेलें, आणि मंगलाष्टकें म्हणतां म्हणतां माझाच आवाज बसलेला. त्या लग्नाचा पुरावा कोणी मागावा, आणि तोहि पांच वर्षांनीं! दादा व वहिनी हल्लीं मुलाकडे बंगळूरास असल्यामुळें त्यांची लोखंडी ट्रंक माझ्याच माळ्यावर आहे. दुसऱ्या दिवशीं ती खालीं काढली.

पत्रिका सांपडली, अंतरपाटाचा फोटो सांपडला, आहेराची वही सांपडली. वहीच्या घडींत याद्यांचा कागदहि होता. लग्न ठरतांना याद्या करण्याची आपल्याकडील चाल वाचकभगिनींना ठाऊक आहेच: कागदाच्या माथ्यावर कुंकू लावून कोणता खर्च कोणीं सोसावा, मानपान कसे व्हावे हें लिहावयाचें आणि दोन्हीं पक्षांनीं खालीं सह्या करावयाच्या. हिंदु विवाहाच्या १९५५ च्या कायद्यानें सप्तपदीचें सातवें पाऊल पडतांच विवाह पुरा होतो असें म्हटलें आहे. त्याच कायद्यांत नोंदणीचीहि तरतूद आहे. अग्नि साक्षी असला तरी व्यवहाराला कागद हवा, हें आपल्या वडीलधाऱ्यांना कायद्याच्या आधींपासून ठाऊक होतें, असें तो कुंकवाचा डाग पाहून मनांत आलें.

पत्रिका मराठींत असल्यामुळें तिचें संपूर्ण इंग्रजी भाषांतर, आणि तें पूर्ण व बिनचूक असल्याचें भाषांतर करणाऱ्याचें सहीनिशीं प्रमाणपत्र, असें दोन्हीं जोडावें लागतें. तें काम मींच केलें. 'आमचे येथें श्रीकृपेंकरून' याचें इंग्रजी करतांना एक अख्खी दुपार गेली.

तथापि सारें पाठवून झाल्यावर कळलें कीं, सरकारास खरें पाहावयाचें होतें तें निराळेंच. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणें कायम वास्तव्याचा परवाना, ज्याला लोक ग्रीन कार्ड म्हणतात, तो मिळाल्यावर सामान्यतः पांच वर्षांनीं नागरिकत्वाचा अर्ज करतां येतो. अर्जदाराचा पति किंवा पत्नी अमेरिकन नागरिक असेल तर हा अवधि तीन वर्षांचा आहे. परंतु या सवलतीची अट अशी कीं, त्या तिन्हीं वर्षांत जोडीदार नागरिक असला पाहिजे, उभयतां एकत्र नांदत असलीं पाहिजेत आणि अर्जदाराचे निदान अठरा महिने प्रत्यक्ष त्या देशांत गेले पाहिजेत. लग्न कसें लागलें यापेक्षां संसार कसा चालला आहे, याचीच तेथें अधिक विचारपूस.

आणखीहि एक पायरी पुष्कळांच्या वांट्यास येते. लग्नाला दोन वर्षें होण्यापूर्वीं परवाना मिळाला तर तो सशर्त, दोनच वर्षांचा असतो. त्याची मुदत सरण्यापूर्वींच्या नव्वद दिवसांत नवराबायकोनें मिळून अर्ज करून एकत्र संसाराचे कागद द्यावे लागतात. खोट्या लग्नांना आळा घालण्यासाठीं हा नियम १९८६ सालीं झाला. साथीच्या दिवसांत व्हिसाच्या मुलाखती लांबल्यामुळें आमची भाची जानेवारी २०२२ मध्यें तिकडे पोंचली. तोंवर लग्नाला दोन वर्षें होऊन गेलीं होतीं, म्हणून तिला हें कांहींच करावें लागलें नाहीं. कागद पाहण्याचा प्रसंगच तीन वर्षें आला नाहीं.

तो आतां आला. विवाहाचा दाखला, पति नागरिक असल्याचा पुरावा, आणि पुढें: प्राप्तिकराचीं तीन वर्षांचीं विवरणपत्रें, दोघांच्या नांवाचें बँकेचें खातें, घराचा भाडेकरार किंवा गहाणखत, मुलांचे जन्मदाखले. ही यादी मला वाचून दाखवितांना भाचीचा आवाज उतरत गेला. बँकेचें खातें यजमानांचें, लग्नापूर्वींपासूनचें. तिच्याजवळ होतें तें त्याच खात्यावरचें एक कार्ड. २०२३ सालीं घर घेतलें तें त्यांच्या एकट्याच्या नांवावर. हिला नोकरी नव्हती, कर्जाचें काम लवकर व्हावें म्हणून तसें केलें. विजेचें बिल त्यांचें, गाडी त्यांची.

"आत्या," ती म्हणाली, "मुलाच्या जन्मदाखल्यावर आणि आजारपणाच्या विम्यावर तेवढें माझें नांव आहे. आणि करांच्या कागदावर. त्याच्यावर मीं दर वर्षीं सही केली, पण वाचला मात्र कधींच नाहीं."

तो कागद मीं तिला वाचावयास लावला. पतिपत्नीचें संयुक्त विवरणपत्र होतें तें. अर्जाच्या दृष्टीनें हा पुरावा फार मोलाचा; त्याचा उतारा कर खात्याकडून फुकट मिळतो. परंतु अशा संयुक्त पत्रावर सही करणारीं दोघेंहि सबंध कराला जबाबदार धरलीं जातात. म्हणजे देण्याच्या जबाबदारींत आमच्या मुलीचें नांव बरोबरीनें होतें. घराच्या मालकींत मात्र कोठेंच नव्हतें. अर्ज मंजूर होण्यासाठीं हातचे कागद बहुधा पुरले असते. पण ही गोष्ट एकदां दिसल्यावर तिला ती न दिसल्यासारखी करतां येईना.

इकडे बंगळूरास दादाला काळजी लागली. त्यानें आपल्याकडील नेहमींचा तोडगा काढला : घर घेण्यापूर्वीं तीं दोघें भाड्यानें राहात होतीं, त्या काळाचा दोघांच्या नांवाचा करार मागील तारीख घालून करून घ्यावा. "लग्न तर खरेंच आहे ना? मग कागद जरा सजवला तर कोणाचें काय गेलें?" मी त्याची धाकटी बहीण, आजवर त्याला उलट बोललें नव्हतें. त्या दिवशीं बोललें. कायदा चुकविण्यासाठीं लग्न करणाऱ्यास तेथें पांच वर्षेंपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊं शकतो. आमचें लग्न तसें नाहीं हें खरें. पण महत्त्वाच्या गोष्टींत जाणूनबुजून खोटें सांगून मिळविलेलें नागरिकत्व पुढें काढूनहि घेतां येतें. आणि एक बनावट कागद सांपडला म्हणजे त्याच्या शेजारचे दहा खरे कागदहि संशयास्पद ठरतात. दादा गप्प झाला, रागावलाहि असावा.

मी एवढी तोडून बोललें याला माझें स्वतःचें एक कारण आहे. माझे यजमान २०११ सालीं गेले. आमचें लग्न १९७८ चें, त्याची नोंदणी कोणीं करणार! राहतें घर त्यांच्या नांवावर, ठेवी त्यांच्या नांवावर, आणि वारस म्हणून कोणाचेंहि नांव लिहून ठेवलेलें नव्हतें. त्या घराचे हप्ते फिटावे म्हणून मीं अकरा वर्षें संध्याकाळच्या शिकवण्या केल्या होत्या. एका कचेरींतील तरुण कारकुनानें मला शांतपणें विचारलें, "बाई, तुम्ही त्यांच्या पत्नी कशावरून?" त्याचा दोष नव्हता, त्याच्यापुढें कागद नव्हता. अखेर शिधापत्रिकेवरील नांवानें मला तारलें. तरी त्या खेपांत वर्ष गेलें. यजमान अतिशय सज्जन होते, हें मुद्दाम लिहितें. माझें नांव घालूं नये असें त्यांच्या मनांत कधींच नव्हतें. घालावें असेंहि आलें नव्हतें, आणि मींहि कधीं म्हटलें नव्हतें.

बायकोचें नांव नवऱ्याच्या नांवांत विरघळून जाणें ही केवळ आपलीच रीत नव्हे. खुद्द अमेरिकेंत १८५५ च्या कायद्यानें नागरिकाशीं लग्न करणारी परदेशी स्त्री, ती मुळांत पात्र असल्यास, आपोआप नागरिक होत असे. तिला कोणी विचारीत नसे. उलट १९०७ पासून परदेशी पुरुषाशीं लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचें नागरिकत्व जाई. १९२२ च्या कायद्यानें बायकोचें नागरिकत्व नवऱ्याहून वेगळें केलें. तरी नागरिकत्वास अपात्र ठरविलेल्या पुरुषांच्या अमेरिकन बायकांना तें आणखी कांहीं वर्षें गमवावें लागत होतें. १९२३ सालीं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें भारतीयांना अशा अपात्रांत बसविलें. तो दरवाजा १९४६ सालीं उघडला. आज भाचीचा अर्ज तिच्या स्वतःच्या नांवानें, तिच्या स्वतःच्या सहीनें जातो, यामागें एवढा इतिहास आहे.

पुढच्या रविवारीं जांवईबापूंशीं बोलणें झालें. तिकडेच वाढलेला मुलगा, पण मराठी स्वच्छ बोलतो. "आत्या, मला हें सुचलेंच नाहीं," तो म्हणाला. मग विचारलें, "पण आतां नांवें घातलीं तर अर्जापुरतीं घातलीं असें दिसणार नाहीं का?" प्रश्न रास्त होता. मीं म्हटलें, "अर्जाकरितां घालणार असाल तर घालूं नका. तिचें म्हणून घालायचें असेल तर आजच घाला, आणि तारीख आहे तीच सांगा." त्यांनीं वकिलामार्फत घराच्या खतावर तिचें नांव चढविलें, बँकेंत जोडखातें उघडलें, अर्जाबरोबर मात्र मागचीं विवरणपत्रें, विमा आणि मुलाचा दाखला हेंच मुख्य म्हणून ठेवलें. श्रावणांत मुलाखत झाली. अधिकारी बाईनें खत पाहून विचारलें, "हें नांव याच वर्षीं कां घातलें?" भाचीनें उत्तर दिलें, "पूर्वीं घातलेलें नव्हतें म्हणून." बाई किंचित् हसली आणि पुढच्या कागदाकडे वळली. भाद्रपदांत शपथविधि झाला.

शपथ घेतली त्या दिवशीं आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणें तिचें भारतीय नागरिकत्व संपलें. पासपोर्ट परत करावा लागला. परदेशस्थ भारतीयांचें म्हणून जें ओसीआय कार्ड मिळतें, त्यावर येथें यावें, राहावें. मत मात्र देतां येत नाहीं कीं शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. तें सांगतांना तिचा कंठ दाटला. मीहि फार बोललें नाहीं.

ज्यांच्या मुली अशा रीतीनें परदेशीं जाणार आहेत त्यांना माझें सांगणें थोडकें आहे. लग्नाची नोंदणी त्याच महिन्यांत करावी. संसाराचे कागद पहिल्या वर्षापासून एका पाकिटांत ठेवावे आणि सही करण्यापूर्वीं मुलीनें तो कागद वाचावा. सशर्त परवाना असतां नवरा छळ करीत असेल तर त्याच्या सहीवांचूनहि मुलीला एकटीनें अर्ज करण्याची तेथील कायद्यांत सोय आहे. 'कागद त्याच्या हातांत आहेत' म्हणून कोणीहि मुलीला सोसत बसावयास सांगूं नये.

आणि ज्यांच्या मुली कोठेंच जाणार नाहींत, त्यांनीं या रविवारीं आपल्याच कपाटांतील कागद काढून पाहावे. घराचें खत, बँकेचें पुस्तक, ठेवींच्या पावत्या, सोसायटीचा दाखला. कोणत्या कागदावर कोणाचें नांव आहे तें एका वहींत लिहावें, आणि तें लिहितांना यजमानांना शेजारीं बसवावें.