निमित्त, उपादान आणि आपली जीभ



कुणाच्या घरी दुःख झालं की आपण बायका भेटायला जातो आणि उठताना म्हणतो, 'कर्माचा उदय, बाई!' सून आल्यावर वर्षभरात सासरे गेले, तर 'तीच निमित्त झाली' असं कुजबुजतो. शब्द शास्त्रातले, अर्थ मात्र गल्लीतला. माझं भांडण याच्याशी आहे.

भाकरीचं उपादान म्हणजे ज्वारीचं पीठ, कारण तेच भाकरी होतं. हात, पाणी, तवा, विस्तव ही निमित्तं. आपल्या वेरूळच्या 32व्या लेण्यात, इंद्रसभेत, दगड उपादान. कारागिरांचे हात आणि छिन्नी निमित्त. म्हणजे निमित्त ठरायलाही त्या कार्याशी संबंध लागतो. सासऱ्यांच्या हृदयविकाराशी सुनेच्या पावलांचा काय संबंध?

जैन न्यायात हेतूची कसोटी अविनाभाव. विस्तव नाही तिथे धूर नाही, म्हणून धुरावरून विस्तव ओळखायचा. ज्या घरात सून आलीच नाही, तिथे सासरे जात नाहीत का? एवढं विचारलं तरी ती कुजबुज संपते.

आता कर्म. आचार्य सिद्धसेनांनी 'सन्मतिसूत्रा'त काल, स्वभाव, नियती, पूर्वकर्म आणि पुरुषार्थ ही पाच कारणं एकत्र धरली. एकालाच धरून बसणं त्यांनी मिथ्यात्व म्हटलं. बाईच्या छातीतली कळ 'ॲसिडिटी असेल' म्हणून चार दिवस अंगावर काढायची, दवाखान्यात उशिरा न्यायचं आणि मग 'कर्मच तिचं' म्हणायचं? त्यात घरच्यांचा पुरुषार्थ कुठे गेला? अनेकांत मानणाऱ्यांच्या तोंडी हा एकांत शोभत नाही.

कुणी म्हणेल, मग कर्म मानायचंच नाही का? मानायचं, पण स्वतःचे भाव तपासायला. दुसऱ्याच्या दुःखावर शिक्का मारायला नाही. पर्युषणात आपण 'तत्त्वार्थसूत्र' ऐकतो. त्याच्या सहाव्या अध्यायात असातावेदनीय कर्माच्या आस्रवाची कारणं दिली आहेत: दुःख देणं, शोक करायला लावणं, रडवणं. म्हणजे शेजारणीचं कर्म सांगायला गेलो आणि आपलंच बांधून आलो!

पुढच्या वेळी भेटायला जाल तेव्हा कारण सांगू नका. सूर्यास्ताआधी जेवणाचा डबा पोचवा, तिच्या मुलांचा अभ्यास घ्या, बँकेच्या कागदांना सोबत जा. आणि कुणी सुनेकडे बोट दाखवलं, तर तिथल्या तिथे विचारा, 'अविनाभाव कुठे आहे?'